डिकीवाली : एक रसग्रहण

रविवारच्या पुरवण्यांत पुस्तकांची परीक्षणं येतात, नाटकांची येतात, गाण्याच्या बैठकींची येतात. तीनशे रुपयांच्या कादंबरीत नायिकेचं मन नीट उलगडलं आहे की नाही, यावर विद्वान माणसं अर्धं पान खर्च करतात. समजा, नाही उलगडलं. वाचकाचं काय जातं? तिसाव्या पानावर पुस्तक मिटायचं आणि ग्रंथालयात परत करायचं. मोटारगाडीचं तसं नाही. तिचं तिसावं पान म्हणजे तिसावा हप्ता. हिचं मन काही उलगडत नाही असं त्या दिवशी लक्षात आलं, तरी पुढची चोपन्न पानं वाचावीच लागतात. आणि ती दर महिन्याच्या पाच तारखेला बँक तुमच्याकडून वाचून घेते. मी बँकेतच कारकून आहे, तेव्हा ही गोष्ट मला खिडकीच्या दोन्ही बाजूंनी ठाऊक आहे.

इतक्या महागड्या वाङ्मयप्रकाराला मराठीत समीक्षक नसावा, ही मोठीच उणीव म्हटली पाहिजे. जाहिराती आहेत, विक्रेते आहेत, आणि फोनच्या पडद्यावर एक दिवस गाडी फिरवून तिच्यावर वीस मिनिटं बोलणारी तरुण मंडळीही आहेत. पण एका दिवसात गाडीविषयी मत देणं म्हणजे साखरपुड्याला जेवून येऊन संसाराचं परीक्षण लिहिणं.

म्हणून हे काम मी अंगावर घेतलं आहे. माझी पात्रता काय, असं कुणी विचारील. तर एक, मी बी.कॉम. आहे. दोन, अठरा वर्षं वाहनकर्जाची कागदपत्रं माझ्या टेबलावरून जातात. तीन, आमच्या घरी गाडी घ्यायची आहे. आणि चार, मी आरोंद्याचा आहे. आरोंदा म्हणजे सावंतवाडी तालुक्याचं टोक. पुढे तेरेखोलची खाडी, खाडीपलीकडे किरणपाणी, म्हणजे गोवा. गावात सातेरी भद्रकालीचं देऊळ आहे, माडांच्या बागा आहेत, आणि प्रत्येक विषयावर मत असलेली माणसं आहेत. समीक्षक घडायला आणखी काय लागतं?

प्रथम व्याख्या. समीक्षेत ती द्यावी लागते. जिला पुढे इंजिनाचा, मध्ये माणसांचा आणि मागे सामानाचा असे तीन स्वतंत्र कप्पे असतात, ती सेडान. आमच्याकडे तिला सरळ डिकीवाली म्हणतात. विलायतेत पूर्वी दोन माणसांनी दांडे धरून उचलून न्यायच्या बंदिस्त खुर्चीला सेडान म्हणत; तिच्यावरून हे नाव गाडीला आलं. म्हणजे आपला मेणाच. मध्यम आकाराची डिकीवाली म्हणजे लांबीला साडेचार मीटरच्या आसपास असलेला मेणा.

बाबांच्या तरुणपणी निवडीचा प्रश्न नव्हता. कलकत्त्याजवळच्या उत्तरपाड्याची अँबॅसिडर, वालचंद हिराचंदांनी उभ्या केलेल्या प्रीमियरची कुर्ल्याची फियाट आणि मद्रासची स्टँडर्ड, एवढाच संसार. नाव नोंदवायचं आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. बापाने नोंदवावी आणि मुलाने घरी आणावी. निवड नव्हती, त्यामुळे पश्चात्तापही नव्हता. जे व्हायचं ते नशिबावर घालता येत असे. १९८३ साली मारुती ८०० आली आणि तिने पहिल्यांदा मध्यमवर्गाला बिनडिकीचं जगायला शिकवलं. १९९० साली मारुतीनेच १००० काढून डिकी परत जोडून दिली. १९९८ साली होंडा सिटी आली आणि डिकीवाली म्हणजे साहेबाची गाडी, हे समीकरण पक्कं झालं.

पुढे या डिकीच्या आड सरकार आलं. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या आणि लहान इंजिनाच्या गाड्यांवरचा अबकारी कर २४ टक्क्यांवरून १६ वर आणला. मग काय, कंपन्यांनी कात्र्या बाहेर काढल्या. २००८ साली इंडिगोची शेपूट छाटून इंडिगो सीएस आली, २०१२ साली डिझायरची छाटली गेली. करापायी शेपूट गमावलेला हा प्राणी जगात दुसरीकडे फारसा आढळत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे नवे दर आले. चार मीटरच्या आतल्या लहान इंजिनाच्या गाडीला १८ टक्के, त्यापलीकडच्या गाडीला ४०. आधी मधल्या गाडीवर अधिभार धरून ४५ होते, तेव्हा ४० म्हणजे दिलासाच. पण पंगत बघा. त्याच ४० टक्क्यांच्या पंगतीला शीतपेयं आहेत, घोड्यांच्या शर्यती आहेत आणि कॅसिनो आहेत. खाडीपलीकडे पणजीला मांडवीत तरंगणारे कॅसिनो आणि माझ्या म्हाताऱ्या आईवडिलांना बसायची गाडी, सरकारच्या दृष्टीने दोन्ही चैनच. त्यावर महाराष्ट्रात दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीला रस्त्याचा कर १२ टक्के. पंधरा लाखांच्या गाडीला एक लाख ऐंशी हजार झाले. एवढ्या पैशांत बाबांच्या काळी रस्त्यासकट गाडी आली असती.

आता मुख्य वाङ्मयाकडे वळू. गाडीचं माहितीपत्रक हा आजच्या काळातला सर्वांत देखणा ललित प्रकार आहे. गुळगुळीत कागद, आणि पानापानावर विशेषणांचा मोहोर. गाडी नेहमी डोंगरातल्या ओल्या रस्त्यावर एकटी उभी असते. समोर म्हैस नाही, मागे एस.टी. नाही. शेजारी एक तरुण उभा असतो. त्याच्या दाढीला नेमके तीन दिवस झालेले असतात आणि त्याला आयुष्यात कधी नारळाचं पोतं न्यायचं नाही, हे चेहऱ्यावरून कळतं. प्रत्येक चांगल्या वाक्याच्या डोक्यावर एक बारीक चांदणी असते आणि शेवटच्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरांत त्या चांदणीचा अर्थ दिलेला असतो. बँकेत असल्यामुळे मी कुठलाही कागद शेवटच्या पानापासून वाचतो. तसं वाचलं तर माहितीपत्रक ही शोकांतिका आहे.

त्यातले आकडेही अभ्यासण्यासारखे. मायलेज घ्या. सिटी १७.८, व्हर्ना १८.६, असे आकडे छापलेले असतात. ही मापं पुण्यातल्या एआरएआयसारख्या संस्थांच्या प्रयोगशाळेत काढतात. गाडी रोलरवर जागच्या जागी पळते. खड्डा नाही, चढ नाही, मागच्या बाकावर मेव्हणा नाही. पुण्यात काढलेला आकडा, तेव्हा त्यात काटकसर आलीच. आरोंद्यापर्यंत येईस्तोवर त्यातलं चौथाई गळतं असं धरून चालावं. दुसरा आकडा डिकीचा. तो लिटरमध्ये देतात, जणू आपण तिच्यात ताक भरणार आहोत. सिटीची ५०६ लिटर, व्हर्नाची ५२८, स्लाव्हिया आणि व्हर्टसची ५२१. ५०६ आणि ५२८ यांत फरक किती, तर बावीस लिटर. हे मी गावात सांगितलं तेव्हा पारावरचे एक आजोबा म्हणाले, "लिटर ऱ्हवांदे रे. फणस किती मावतले ता सांग." बावीस लिटर म्हणजे साधारण एक बरासा कापा फणस. हे परिमाण जागतिक व्हायला हरकत नाही.

पण मंडळी, पत्रकांची चेष्टा करणं सोपं आहे. समीक्षकाला निकष लागतो. नाहीतर तो नुसता टिंगलखोर होतो. माझा निकष मला एका रात्री मिळाला.

बाबांना दम्याचा जुना त्रास. दोन पावसाळ्यांपूर्वी एका रात्री तो उसळला. दोनाचा सुमार, वर आषाढाचा पाऊस, गावातले दिवे गेलेले. आमच्या भागातलं मोठं दुखणं खाडी ओलांडून बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात जातं, ही जुनी वहिवाट. पूल नव्हता तेव्हा आधी होडीची वाट बघावी लागे; आता पूल आहे, पण पुलावरून जायला चाकं लागतात. रुग्णवाहिकेची वाट बघत बसण्याइतका धीर कुणालाच नव्हता. शेजारच्या काकांनी आपली गाडी काढली. अकरा वर्षांची, पांढरी, डिकीवाली. दाराच्या खालच्या कडेला खाऱ्या हवेचा गंज, टपावर झावळ पडून आलेला पोचा. काकांनी किल्ली फिरवली आणि गाडी सुरू झाली. किरणपाणी, पेडणे, म्हापसा, पर्वरी, मांडवीचा पूल, बांबोळी. एवढ्या वाटेत त्या गाडीने काहीही केलं नाही. म्हणजे बंद पडली नाही, तापली नाही, घसरली नाही, कुरकुरलीसुद्धा नाही. बाबांना प्राणवायू लावला. सकाळी त्यांनी चहा मागितला आणि एक घोट घेऊन "पाणचट आहे" असं म्हणाले, तेव्हा ते वाचले हे आम्हाला कळलं. आता ते ठणठणीत आहेत आणि आम्ही कुठली गाडी घ्यावी यावर रोज मत देतात.

त्या रात्रीपासून 'विश्वासू' या शब्दाचा अर्थ माझ्यापुरता ठरला. रात्री दोन वाजता, पावसात, पहिल्या किल्लीला सुरू होऊन बांबोळीला पोचते ती गाडी. बाकी सगळं अलंकारशास्त्र. आणि या गुणाची गंमत अशी, की तो असतो तेव्हा दिसत नाही. वीस वर्षं रोज संध्याकाळी रोकड बिनचूक जुळवणाऱ्या रोखपालाचं नाव बँकेत कुणाला आठवत नाही. ज्याला एकदा अकरा रुपये कमी आले त्याचं नाव निवृत्तीनंतरही घेतात. गाडीचं तेच. म्हणून पत्रकात आकाशाकडे उघडणारं छप्पर छापतात, दहा इंची पडदा छापतात, विश्वासूपणा छापत नाहीत. न घडलेल्या गोष्टीचा फोटो कसा काढणार?

हा निकष हातात घेऊन एकेक कृती तपासू.

पहिला मान होंडा सिटीचा. १९९८ पासूनचं घराणं, २०२० साली आलेली पाचवी पिढी. इंजिन १४९८ सीसीचं, चार सिलिंडरांचं, १२१ अश्वशक्तीचं, आणि बिनटर्बोचं. टर्बो म्हणजे काय, तर धुराड्यावाटे बाहेर पडणाऱ्या वायूच्या जोरावर एक चक्र फिरवायचं आणि त्याने इंजिनात जास्तीची हवा कोंबायची. लहान पोराला धरून दूध पाजावं तसं. सिटी आपला श्वास आपणच घेते. तिची ताकद चढत्या फेऱ्यांवर येते, तेव्हा आंबोलीचा घाट चढताना खालचा गिअर टाकावा लागतो. ती तक्रार न करता चढते, पण टाळ्या वाजवाव्या असं काही करत नाही. समीक्षेच्या भाषेत ही बाळबोध शैलीची, सुबोध, सदाचारी कादंबरी. प्रयोगशीलता नाही. पण ज्या यंत्रात भाग कमी, त्यात बिघडायला जागाही कमी, हे बी.कॉम.लाही कळतं. दोष एक. जमिनीपासूनची उंची १६५ मिलिमीटर, आणि तीही गाडी रिकामी असताना. पाच माणसं आणि गणपतीचं सामान भरल्यावर ती गतिरोधकाला पोट घासून नमस्कार करते. २०२२ साली हिचीच विजेची मोटर जोडलेली हायब्रिड आली. साडेसव्वीसचं मायलेज आणि बॅटरीला आठ वर्षांची किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची हमी. पण वरच्या किमतीचं पेट्रोल परत वाचवायला मला जितकी वर्षं लागतील, त्याआधी मी निवृत्त होईन.

मग स्लाव्हिया आणि व्हर्टस. २०२२ साली तीन महिन्यांच्या अंतराने आलेल्या या जुळ्या बहिणी. एक स्कोडाची, दुसरी फोक्सवॅगनची. दोघींचा जन्म पुण्याजवळ चाकणला; सांगाडा एक, इंजिनं एक, साड्या वेगळ्या. लहान इंजिन ९९९ सीसीचं, तीन सिलिंडरांचं, टर्बोसह ११५ अश्वशक्तीचं. मोठं दीड लिटरचं, १५० चं. घाटात यांचा जोर खालच्या फेऱ्यांवरच हजर असतो. जमिनीपासूनची उंची १७९ मिलिमीटर. सिटीपेक्षा चौदा मिलिमीटर जास्त, म्हणजे दोन शिसपेन्सिली शेजारी ठेवाव्यात तेवढी. पण कोकणातल्या गतिरोधकावर अब्रू दोन पेन्सिलींवरच अवलंबून असते. एप्रिल २०२३ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत दोघींना पाचपैकी पाच तारे मिळाले, लहान मुलांच्या सुरक्षिततेलाही पाच, आणि सांगाडा स्थिर असल्याचा शेरा. हे साधं यश नव्हे. मात्र दीड लिटरवाल्या जोडीतली आपोआप गिअर बदलणारी पेटी दुहेरी, कोरड्या क्लचची, सात गिअरची. याच घराण्यातल्या सात गिअरच्या दुहेरी क्लचपायी २०१३ साली चीनमध्ये फोक्सवॅगनला ३ लाख ८४ हजारांवर गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या. पुढे सुधारणा झाल्या, हे खरं. पण बँकेत एकदा उसनवारी थकवलेल्या माणसाला आम्ही दुसऱ्यांदा जामीन विचारतो, तसं माझं झालं.

तिसरी ह्युंदाई व्हर्ना, २०२३ साली आलेली. मुखपृष्ठ अत्याधुनिक, तोंडावर या कानापासून त्या कानापर्यंत उजेडाची पट्टी. माणसांची जागा ऐसपैस, डिकी सर्वांत मोठी, सहा हवापिशव्या सगळ्याच नमुन्यांत. तिलाही ऑक्टोबर २०२३ मध्ये पाच तारे मिळाले, पण सांगाडा अस्थिर असल्याचा शेरा पडला. म्हणजे प्रगतिपुस्तकात पहिला वर्ग आणि खाली 'प्रकृतीकडे लक्ष द्यावे'. हिचं साधं, बिनटर्बोचं ११५ अश्वशक्तीचं इंजिन मात्र माझ्या निकषाला मानवणारं आहे. १६० चं टर्बो तरुणांसाठी. आमच्या रस्त्यावर १६० घोडे सोडले तर ते पहिल्या वळणावर कुणाच्या तरी परसात चरायला जातील.

आणि जिच्याविषयी सर्वांत चांगलं ऐकलं, ती मारुतीची सियाझ, २०१४ साली आली आणि एप्रिल २०२५ मध्ये बंद झाली. गरीब स्वभाव, मोठी डिकी, आणि गावोगावी दुरुस्तीची सोय. आमच्या समाजाची ही रीतच आहे. सद्गुणी माणसाच्या शोकसभेला आपण सगळे जातो. तो हयात असताना त्याच्याकडे फिरकत नाही.

इथे विश्वासूपणाचा आणखी एक पदर लागतो. गाडी विश्वासू असून भागत नाही, तिचं माहेरही टिकावं लागतं. शेवरोलेने २०१७ च्या अखेरीस भारतातली विक्री थांबवली. टोयोटाची यारिस २०१८ साली आली, २०२१ साली गेली. फोर्डने २०२१ साली इथे गाड्या बनवणं बंद करायचं जाहीर केलं. यांच्या गाड्या काही वाईट नव्हत्या. पण माहेर तुटलेल्या सुनेसारखी त्यांची अवस्था झाली; एखादा भाग लागला की दहा ठिकाणी तोंड वेंगाडावं लागतं. सावंतवाडीचे एक जुने मेकॅनिक मला म्हणाले, "बिघडना नाय अशी गाडी खय आसा? बिघडल्यार पार्ट कधी गावता ता बघा." मराठी समीक्षेत एवढं नेमकं वाक्य मी अलीकडे वाचलेलं नाही.

त्याला माझ्या टेबलावरचा पुरावा जोडतो. बँकेत दर तिमाहीला वाहनकर्जाच्या थकबाकीची यादी निघते. ती मी वाङ्मय म्हणून वाचतो. डिसेंबर २०२२ मध्ये मोपाच्या विमानतळाचं उद्घाटन झाल्यावर आमच्या भागातल्या बऱ्याच पोरांनी टॅक्सीसाठी गाड्या घेतल्या. दहा लाखांचं कर्ज, ९ टक्के व्याज, ८४ हप्ते, असं धरलं तर हप्ता १६ हजार ८९ रुपये. सात वर्षांत साडेतीन लाखांवर व्याज. आता ज्याची गाडी धावते, तो हप्ता भरतो आणि आम्हाला तोंडही दाखवत नाही. ज्याची गाडी कुठल्यातरी सुट्या भागाची वाट बघत पंधरा दिवस गॅरेजात उभी, त्याचं नाव यादीत येतं. शेऱ्याच्या रकान्यात आम्ही 'ऋणकोस समज दिली' असं लिहितो. वास्तविक समज गाडीला द्यायला हवी. असा एक पोरगा माझ्यासमोर बसून म्हणाला, "साहेब, माका समज देतास ती बरी. पण माजी गाडी ऐकना नाय." त्याच्या घरी चूल पेटायची ती त्या गाडीवर. तेव्हापासून तारे देणाऱ्यांची मतं मी वाचतो जरूर, पण एखादी गाडी माझ्या यादीत किती वेळा येते ते आधी बघतो. कुठली वारंवार येते ते सांगायला नोकरीच्या अटी आडव्या येतात. वाचकांनी आपापल्या ओळखीच्या टॅक्सीवाल्याला विचारावं. त्याला अशी अट नाही.

विमा कंपनीही एक समीक्षकच. ती भावना बाजूला ठेवून गाडीला दरवर्षी घसारा लावते. सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तिनापर्यंत ३०, चारापर्यंत ४० आणि पाचापर्यंत ५०. पाचव्या वर्षी तिच्या लेखी तुमची गाडी निम्मी उरते. तुमचा हप्ता मात्र पूर्ण असतो.

आता लोक म्हणतात, डिकीवालीचे दिवस संपले, उंच गाडी घ्या. गेल्या दहा वर्षांत रस्त्यावर जो तो उंचावर बसायला निघाला आहे, हे मीही बघतो. आमच्या घरात या प्रश्नाचा निकाल आईच्या गुडघ्यांनी लावला. तिला एका शोरूममध्ये नेलं. गळपट्टी बांधलेल्या मुलाने छप्पर सरकवून दाखवलं, "आजी, वर बघा, आकाश!" आई म्हणाली, "आकाश आमच्या खळ्यातसून फुकट दिसता रे." मग ती उंच गाडीत बसायला गेली, तर तिला पाट लागला. डिकीवालीत पाठ टेकवून बसली आणि पाय मागाहून आत घेतले, डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे. म्हणाली, "बसूक बरी आसा. उठताना धरू कशाक?" मुलाने पत्रक चाळलं, त्यात पडद्याचे इंच होते, आठ ध्वनिक्षेपक होते, धरायच्या कडीविषयी अवाक्षर नव्हतं. कडी आईनेच वर चाचपून शोधली. माझा हिशेब असा. उंच गाडीत चढायला पाट लागतो आणि खालच्या गाडीतून उठायला हात लागतो. पाट घरी विसरतो. हात बरोबरच असतो.

शिवाय एक खास आमच्या मुलखाचा मुद्दा आहे. इतर गाड्यांत सामान आणि माणसं एकाच खोलीत प्रवास करतात. आम्ही मुंबईच्या नातेवाइकांकडे जाताना बरोबर सुके बांगडे नेतो, गोलमो नेतो, मे महिन्यात पिकलेला बरका फणस नेतो. उंच गाडीतून ही मंडळी सहकुटुंब नेली, तर पनवेलपर्यंत गाडीत माणूस कोण आणि बांगडा कोण हे ओळखू येत नाही. डिकीवालीत मध्ये भिंत असते. सोवळं पुढे, ओवळं मागे. मागून कुणी ठोकलं तरी पहिला मार फणसाला, मग माणसाला. एवढा सामाजिक विचार इतर कुठल्याही वाहनप्रकारात झालेला नाही.

तेव्हा निकाल. माझं मत साध्या इंजिनाच्या, हाताने गिअर बदलायच्या सिटीला. आकाशाचं छप्पर नको, मधला नमुना, रंग पांढरा. आमच्या सौभाग्यवतींचं मत स्लाव्हियाला, लहान इंजिनाच्या. तिचं म्हणणं, "बांबोळीला गाडी पोचली पाहिजे हे बरोबर. पण वाटेत काही आपटलं, तर आपणही तिच्यात शाबूत पोचलो पाहिजे." हा मुद्दा मला अजून खोडता आलेला नाही, आणि संसाराच्या एकोणीस वर्षांत मी असे मुद्दे खोडायचा नाद सोडला आहे. बाबांचं मत अँबॅसिडरला. ती २०१४ सालीच बंद झाली असं सांगितलं, तर म्हणाले, "म्हणूनच देशाची ही अवस्था." दोन परीक्षकांचे गुण जुळले नाहीत, तर पेपर तिसऱ्याकडे जातो. आम्ही तो सावंतवाडीच्या त्या मेकॅनिककडे पाठवला आहे. दोन्ही कंपन्यांच्या कार्यशाळा आमच्यापासून किती लांब, आणि क्लचची तबकडी मागवली तर किती दिवसांत येते, एवढं तो विचारून सांगणार आहे. जिचा भाग आधी येईल ती गाडी घरी येईल.

त्यानंतरचं खरं परीक्षण मात्र चौऱ्याऐंशी हप्ते फिटल्याशिवाय लिहिता यायचं नाही. तोवर गाडीने आपलं काम केलं, तर त्यात लिहिण्यासारखं फारसं काही असणार नाही. पावसात रात्री दोनला निघालो, पोचलो. एवढ्या मजकुराला संपादक मानधन देत नाहीत. पण त्या परीक्षणासाठी आम्ही दोघं नवराबायको सात वर्षं हप्ता भरायला तयार आहोत.